आपल्या मुलाचा पेपर आपण तपासावा काय?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं नेहमींप्रमाणें सर्व मंडळी जमली होती. फराळाचीं ताटें पुढें आलीं आणि गप्पांस रंग चढणार इतक्यांत माझे धाकटे बंधु कांहींशा तावानेंच मला म्हणाले, "दादा, तुम्हीच सांगा. ज्या विषयाचा हिनें सहा वर्षें अभ्यास केला, त्यावर हिनें एक ओळ लिहिली. आणि नांव ना गांव असा कोणी इसम येऊन ती तासाभरांत पुसून टाकतो! हा कोठला न्याय? तो इसम मॅट्रिक तरी झाला आहे कीं नाहीं, देव जाणे!" हें शेवटचें वाक्य उच्चारल्यावर त्यांनीं जीभ चावली, कारण घरांत मॅट्रिकच्या पुढें न गेलेला असा मीच एक. मी हसलों, आणि मग सर्वच हसले.

'हिनें' म्हणजे त्यांच्या मुलीनें, माझ्या पुतणीनें. ती वनस्पतिशास्त्राची डॉक्टर आहे. आमच्या घराण्यांत ही पदवी मिळविणारी ती पहिलीच. त्यामुळें तिचा अपमान तो सगळ्या घराण्याचा अपमान, अशी एकंदर भावना होती. आमच्या सौभाग्यवतींनीं तर त्या अज्ञात इसमास स्वयंपाकघरांतूनच दोन शब्द सुनावले.

ज्या वाचकांस हें प्रकरण अपरिचित असेल त्यांच्यासाठीं थोडें मागें जाऊन सांगतों. विकिपीडिया हा इंटरनेटवरील ज्ञानकोश कोणासहि वाचतां येतो, हें आतां घरांतील लहान मूलहि जाणतें. पण तो कोणासहि लिहितां येतो, व दुसऱ्यानें लिहिलेलें दुरुस्त करतां किंवा पुसतां येतें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. त्यांतील प्रत्येक लेखास एक 'चर्चा पान' जोडलेलें असतें आणि एक 'इतिहास' असतो. कोणीं कोणत्या दिवशीं कोणता शब्द घातला वा काढला याची तेथें नोंद राहते. पुतणीचा विषय म्हणजे कोंकणांतील सड्यांवर पावसाळ्यापुरती दिसणारी एक लहानशी वनस्पति. (तिचें नांव मी मुद्दामच देत नाहीं. पुतणीच्या संशोधनाची जाहिरात काकांनीं आपल्या सदरांत करावी, हा तर ज्या दोषाबद्दल आज लिहावयाचें आहे तोच दोष झाला.) ह्या वनस्पतीविषयीं इंग्रजी विकिपीडियांत जुन्या पुस्तकांच्या आधारें एक विधान केलेलें होतें. सहा पावसाळे सड्यावर काढल्यानंतर पुतणीस त्याच्या उलट आढळलें. तिचा निबंध एका शास्त्रीय नियतकालिकांत छापून आला. आणि एके रात्रीं तिनें जुनें विधान काढून नवें घातलें व खालीं आधार म्हणून आपलाच निबंध दिला. तास झाला नाहीं तों जुनें विधान पुनः जागच्या जागीं! सोबत शेरा असा कीं, दुरुस्ती करणारी व्यक्ति त्या निबंधाची लेखिकाच दिसते, येथें हितसंबंधाचा प्रश्न येतो, तरी सूचना चर्चा पानावर मांडावी.

मीं तिला विचारलें, "तूं लिहिलेलें खरें आहे ना?"

"होय काका. अगदीं खरें."

"तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणीं तसें लिहिलें आहे काय?"

"अजून नाहीं."

"आणि तुझ्याविरुद्ध?"

ती जराशी थांबली. "एकांनीं लिहिलें आहे. पण त्यांचें निरीक्षण अपुरें आहे, काका. ते एकच पावसाळा तेथें गेले होते."

"बरें, तें विरुद्ध मत आहे एवढें तरी तूं त्या लेखांत लिहिलेंस काय?"

यावर ती कांहीं बोलली नाहीं. मुलगी प्रामाणिक आहे. तिनें लबाडी केली असें मला स्वप्नांतहि वाटणार नाहीं. पण हितसंबंधाचा आक्षेप हा लबाडीचा आरोप नव्हेच, आणि बंधुराजांची चूक नेमकी येथें होत होती. ते समजत होते कीं, 'हितसंबंध आहे' असें म्हणणें म्हणजे 'तूं खोटें बोलतेस' असें म्हणणें.

मीं बत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. आमच्याकडे असा प्रघात होता कीं, शिक्षकाचा मुलगा वर्गांत असेल तर त्याची उत्तरपत्रिका दुसऱ्या शिक्षकानें तपासावयाची. माझे चिरंजीव नववींत असतांना त्यांचा संस्कृतचा पेपर माझ्या एका सहकाऱ्याकडे गेला. त्यांनीं एका भाषांतराचे दोन गुण कापले. संध्याकाळीं मीं तो पेपर पाहिला आणि मला मनापासून वाटलें कीं हे गुण कापणें अन्यायाचें आहे. मुलाला तो श्लोकार्थ येत होता. दोनतीनदां वाचल्यावर माझ्या लक्षांत आलें. तो अर्थ त्याला येत होता हें मला ठाऊक होतें, कारण आदल्या रात्रीं मींच त्याला तो शिकविला होता. परंतु कागदावर तो उतरला नव्हता. कागदावरील पोकळी मी माझ्या डोक्यांतील ज्ञानानें भरून काढीत होतों, आणि भरून काढतों आहें याची मला जाणीवहि नव्हती. सहकाऱ्यापुढें केवळ कागद होता.

तज्ज्ञ मनुष्य आपल्याच संशोधनाविषयीं लिहावयास बसतो तेव्हां हेंच घडतें. सहा पावसाळ्यांची चिखलवाट त्याच्या पायांस आठवत असते. ती वाचकास दिसत नाहीं. पण आपल्या वाक्यास तिचें वजन आहेच, असें तो धरून चालतो.

येथपर्यंत बोलून मीं थांबलों असतों तर माझी बाजू सोपी झाली असती. परंतु पुतणीहि कांहीं कमी नाहीं. तिनें मला शिकागोच्या एका खटल्याची हकीकत ऐकविली, आणि ती ऐकल्यावर माझा पहिला ताठा बराच उतरला.

१ मे रोजीं आपल्याकडे महाराष्ट्र दिन व कामगार दिन अशी जोड सुटी असते. (मराठी विकिपीडियाचा आरंभहि १ मे २००३ चा.) त्यांतील कामगार दिनाचें मूळ अमेरिकेंतील शिकागो शहरीं आहे. १८८६ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस आठ तासांच्या दिवसासाठीं तेथें मोठा संप झाला. ४ मे रोजीं हेमार्केट नांवाच्या चौकांतील सभेजवळ कोणीं तरी पोलिसांवर बाँब टाकला; सात पोलीस व कांहीं नागरिक मृत्यु पावले. टाकणारा कोण हें निश्चित असें कधींच सिद्ध झालें नाहीं. आठ अराजकवाद्यांवर खटला झाला. सातांस फांशीची व एकास पंधरा वर्षांची शिक्षा झाली. १८८७ च्या नोव्हेंबरांत चौघे फांशीं गेले, एकानें आदल्या दिवशीं तुरुंगांतच आत्महत्या केली, दोघांची फांशी रद्द होऊन त्यांस जन्मठेप झाली. आणि १८९३ सालीं गव्हर्नर ऑल्टगेल्ड यांनीं उरलेल्या तिघांस सोडून दिलें. हा खटला म्हणजे न्यायाची विटंबना होती, असें इतिहासाच्या पुस्तकांतून शंभर वर्षें लिहिलें गेलें.

ओहायोंतील एका विद्यापीठाचे इतिहासाचे अध्यापक टिमथी मेसर-क्रूझ हे हा विषय शिकवीत असतांना एका विद्यार्थिनीनें साधाच प्रश्न केला: आरोपींविरुद्ध कांहीं पुरावाच नव्हता असें पुस्तक म्हणतें, तर मग सहा आठवडे कोर्टांत चाललें होतें तरी काय? अध्यापकांस उत्तर देतां येईना. (असा प्रश्न वर्गांत निघणें हें शिक्षकाचें भाग्यच, माझ्या वांट्यास तें दोनतीनदांच आलें.) तेव्हां त्यांनीं मूळ खटल्याचें दप्तर वाचावयास घेतलें. साक्षीदार ११८ निघाले. पुरावा पुष्कळ मांडला गेला होता; तो पुरेसा होता कीं नाहीं हा प्रश्न वेगळा.

विकिपीडियांतील त्या लेखांत मात्र, बाँबस्फोटाशीं आरोपींचा संबंध जोडणारा पुरावा सरकार पक्षानें दिलाच नाहीं, अशा अर्थाचें वाक्य होतें. २००९ च्या सुमारास मेसर-क्रूझ यांनीं तें काढलें. लागलीच तें परत आलें. मूळ दप्तराचा आधार दिला, तर उत्तर मिळालें कीं मूळ कागद वाचून निष्कर्ष काढणें हें येथील लेखकांचें काम नव्हे, छापलेला दुय्यम ग्रंथ दाखवा. ते थांबले. २०११ सालीं त्यांचा स्वतःचा ग्रंथ विद्वानांच्या छाननींतून जाऊन प्रसिद्ध झाला. पुनः ते गेले. तेव्हां सांगण्यांत आलें कीं, बहुसंख्य ग्रंथ दुसरें म्हणतात, एकट्याच्या मतास अवाजवी महत्त्व देतां येत नाहीं. २०१२ च्या फेब्रुवारींत त्यांनीं एका शैक्षणिक साप्ताहिकांत ही सारी कहाणी लिहिली, ती गाजली, आणि त्यानंतर तो लेख सुधारला गेला. आज त्यांत त्यांच्या ग्रंथांचा उल्लेख आहे.

"आतां बोला काका," पुतणी म्हणाली, "येथें पेपर दुसऱ्यानें तपासला, आणि बरोबर उत्तरावर काट मारली!"

मला ह्यावर बराच विचार करावा लागला. मला जें दिसलें तें असें. मेसर-क्रूझ यांच्या म्हणण्यांत दोन गोष्टी एकत्र आहेत. 'पुरावा मांडला गेला होता' ही एक. ती वस्तुस्थिति आहे. दप्तर उघडून वाचणाऱ्या कोणासहि ती पडताळून पाहतां येते, मग सांगणारा तिचा संशोधक असो कीं त्याचा शत्रु. 'खटला त्या काळच्या मानानें रीतसर झाला, व आरोपींचा कटांत हात होता' ही दुसरी. हें त्यांचें मत आहे, आणि दुसरे इतिहासकार त्याविरुद्ध आग्रहानें लिहितात. पहिल्या गोष्टीस अडविणें हा शुद्ध जडपणा होता. दुसरीच्या बाबतींत मात्र, स्वतःच्या मतास किती जागा द्यावयाची हें स्वतः मेसर-क्रूझ यांनीं ठरवूं नये, हें योग्यच होतें. कोशाच्या पहारेकऱ्यांनीं दोहोंस एकच कुलूप लाविलें. आणि हा घोटाळा अध्यापकांच्याहि बाजूनें झालेला असणें अशक्य नाहीं. आपल्या शोधांतील वस्तुस्थिति कोठें संपते व मत कोठें सुरू होतें, ही सीमा ज्याची त्याला सर्वांत अंधुक दिसते.

सर्वांत मौजेची गोष्ट म्हणजे, ह्या कोशाचे एक संस्थापक जिमी वेल्स यांच्याच हातून हें झालें. २००५ सालीं असें उघडकीस आलें कीं, त्यांनीं स्वतःविषयींच्या लेखांत अनेकदां फेरफार केले, आणि लॅरी सँगर हे सहसंस्थापक होते हा उल्लेखहि काढला होता. 'इतिहास' पानावर सारें नोंदलेलें असल्यामुळें तें लपलें नाहीं. असें करावयास नको होतें, हें त्यांनीं मान्य केलें. ज्या घराचे नियम आपण घातले त्याच घरांत आपणच चुकावें, हें आमच्यासारख्या कुटुंबप्रमुखांस नवीन नाहीं.

कोणी म्हणेल, पूर्वीं काय तज्ज्ञ आपल्या विषयावर कोशांत लिहीत नव्हते? लिहीत होते. ब्रिटानिका कोशाच्या १९२६ च्या पुरवणी आवृत्तींत मनोविश्लेषणावरील लेख खुद्द फ्रॉइड यांचा आहे, आणि अवकाश-कालावरील लेख आइन्स्टाइन यांचा. आपल्या मतास फ्रॉइडनीं कमी जागा दिली असेल असें समजण्याचें कारण नाहीं! आपल्याकडे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोश पुरा केला, त्याच्या प्रस्तावनाखंडांतून त्यांचीं स्वतःचीं मतें जागोजाग भेटतात. पण तेथें वाचकास ठाऊक असतें कीं बोलतो आहे तो फ्रॉइड, बोलतात ते केतकर. नांव खालीं आहे. ज्याला मीठ कमी-अधिक करून घ्यावयाचें असेल त्यानें घ्यावें. विकिपीडियांत लेखास स्वाक्षरी नाहीं. टोपणनांवानें दहा जणांनीं लिहिलेलें एका आवाजांत वाचकापुढें येतें, जणूं प्रत्यक्ष सरस्वतीच बोलते आहे. अशा ठिकाणीं एखाद्यानें आपलें मत घालणें, म्हणजे आपले शब्द तिच्या तोंडीं घालणें होय. जुन्या कोशांत जें क्षम्य होतें तें येथें कां नाहीं, याचें कारण हेंच आहे.

संस्कृताच्या विद्यार्थ्यास येथें जगन्नाथ पंडिताची आठवण झाल्याशिवाय राहणार नाहीं. शाहजहानच्या दरबारच्या ह्या महापंडितानें 'रसगंगाधर' लिहिला. काव्यशास्त्राच्या ग्रंथांत उदाहरणें द्यावीं लागतात. इतर शास्त्रकार कालिदास-भवभूतींकडे जातात. ह्यानें आरंभींच बजावलें कीं उदाहरणें मी माझींच नवीं रचून देणार, परक्याचें कांहीं घेणार नाहीं. उत्तम काव्याचें लक्षण करणारा तोच, आणि त्या लक्षणास उतरणारे श्लोक रचणाराहि तोच! श्लोक सुंदर आहेत हें कोणीहि कबूल करील. पण हें त्यानें डंका पिटून, आपल्या नांवानें केलें. गुपचूप दुसऱ्याच्या ग्रंथांत आपले श्लोक घुसडले नाहींत.

आतां, विद्वानाचा ह्यांत हितसंबंध तो कसला? पैसा तर मिळत नाहीं. पैसे घेऊन लिहिणाऱ्यांस तसें जाहीर करण्याची सक्ति २०१४ पासून आहे. विद्वानाचें धन वेगळें: आपल्या निबंधाचा दुसऱ्यांनीं किती वेळां आधार घेतला, ह्या संख्येवर आजकाल नेमणुका व बढत्या पाहिल्या जातात. आणि कोशांत येण्यानें ही संख्या वाढते, ही केवळ शंका नाहीं. नील थॉम्प्सन व डग्लस हॅनली या अमेरिकेंतील दोन संशोधकांनीं एक युक्तीचा प्रयोग केला. विकिपीडियांत नसलेल्या शास्त्रीय विषयांवर त्यांनीं लेख तयार करविले. त्यांतील निम्मे, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें निवडून, प्रसिद्ध केले व निम्मे हातीं ठेविले. प्रसिद्ध झालेल्या लेखांची शब्दयोजना पुढें खऱ्या शास्त्रीय निबंधांतून उमटूं लागली, आणि त्यांत ज्या निबंधांचे आधार दिले होते त्यांचा उल्लेखहि अधिक होऊं लागला. म्हणजे ही ओळ घालणें न घालणें निरुपद्रवी नव्हे. पुतणीच्या एका ओळीवर तिची पुढील नेमणूकहि थोडीबहुत अवलंबून असूं शकते, हें तिनें स्वतःच कबूल केलें, तेव्हां बंधुराज प्रथमच गप्प झाले.

न्यायशास्त्रांत शब्द हें चौथें प्रमाण मानलें आहे, आणि तो शब्द आप्ताचा असावा लागतो. आप्त कोण याचें वात्स्यायनानें भाष्यांत जें लक्षण केलें आहे, त्यांत दोन अंगें आहेत. त्यानें ती वस्तु प्रत्यक्ष जाणलेली असावी. आणि जशी पाहिली तशीच सांगावी ह्या इच्छेनें तो बोलावयास प्रवृत्त झालेला असावा. हें लक्षण ऋषि, आर्य व म्लेच्छ ह्या तिघांसहि सारखेंच लागू, असेंहि तो लागलीच म्हणतो. तेव्हां पुसणारा मॅट्रिक आहे कीं नाहीं हा बंधुराजांचा मुद्दा भाष्यकारानेंच निकालांत काढलेला आहे. पुतणीचें पहिलें अंग भक्कम आहे. तिच्याइतकें त्या वनस्पतीस ओळखणारें मनुष्य क्वचितच असेल. दुसऱ्या अंगाविषयीं शंका घेण्यास जागा आहे, आणि ती शंका तिच्या स्वभावामुळें नसून तिच्या जागेमुळें आहे.

म्हणून तज्ज्ञांस बाहेर ठेवावें काय? मुळींच नाहीं. विकिपीडियाच्या आधीं न्युपीडिया नांवाचा एक कोश २००० सालीं निघाला होता, त्यांत उलट सारें तज्ज्ञांच्याच हातीं होतें व छाननीच्या सात पायऱ्या होत्या. तीनएक वर्षांत जेमतेम दोन डझन लेख पुरे होऊन तो बंद पडला. आणि विकिपीडियाचा नियमहि तज्ज्ञास हाकलीत नाहीं. आपला निबंध आधारास देण्याचीहि त्यांत मुभा आहे, मात्र तो प्रस्तुत असावा व अति होऊं नये. शक्य तर चर्चा पानावर आपलें नांव-नातें सांगून मजकूर ठेवावा व दुसऱ्याच्या हातानें तो आंत जाऊं द्यावा, इतकेंच तो सुचवितो. साक्षीदारानें साक्ष द्यावी; निकालपत्र लिहूं नये.

ह्या नियमास एक अडचण आहे, आणि ती पुतणीनेंच दाखविली. दुसरा हात असावा लागतो! इंग्रजींत तो आज ना उद्यां मिळतो. मराठींत लिहिणारे थोडे. चर्चा पानावर प्रश्न टाकावा तर तो वळचणीस टांगलेल्या कंदिलासारखा टांगलेलाच राहतो. तेथें तज्ज्ञानें स्वतः लिहिलें नाहीं तर कोणीच लिहीत नाहीं. मराठीपुरतें माझें मत असें आहे कीं, आपलें नांव-नातें चर्चा पानावर उघड सांगून, विरुद्ध मताची ओळ आपल्या ओळीच्या अगोदर घालून, त्यानें लिहावें. ह्यावर माझ्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक नाराज आहेत. ते म्हणतात कीं अशानें नियमाचें पोतेरें होतें. असेल.

दिवाळीनंतर पुतणीनें इंग्रजी लेखाच्या चर्चा पानावर आपलें खरें नांव, निबंधाची लेखिका आपणच असल्याचें, आणि त्या दुसऱ्या संशोधकांचें विरुद्ध मत, असें सर्व लिहिलें. विरुद्ध मत लिहितांना तिनें त्यांचा निबंध पुनः वाचला, आणि तिला त्यांत एक निरीक्षण असें आढळलें कीं ज्याकडे तिचें पूर्वीं लक्षच गेलें नव्हतें. तें पाहण्यासाठीं येत्या पावसाळ्यांत ती पुनः सड्यावर जाणार आहे. तिच्या सूचनेस मात्र हा मजकूर लिहीपर्यंत कोणीं उत्तर दिलेलें नाहीं. बंधुराज रोज सकाळीं चहाबरोबर तें पान उघडून पाहतात.